मोठं गाव की छोटं शहर? : क्रॅन्ली या इंग्रजी खेड्याचा इतिहास आणि तिथल्या सोयी



आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींना वाटेल, इंग्लंडमधल्या एका खेड्याची माहिती आपण कशासाठी ऐकायची? शंका रास्त आहे. आपला इंग्लंडशी परिचय झाला तो लंडन, ऑक्सफर्ड, मँचेस्टर यांच्यामार्फत. तिथल्या खेड्याची गोष्ट फारशी कुणी सांगितली नाही. पण राज्य, हक्क, दानधर्म, सार्वजनिक हित या मोठ्या शब्दांचा अर्थ शोधायचा तर तो पार्लमेंटपेक्षा एखाद्या गावात जास्त स्वच्छ दिसतो. गावात दवाखाना कुणी काढला, शाळा कुणासाठी काढली, रस्ता कुणी केला आणि आगगाडी कुणी बंद केली, या चार प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली, तर त्या समाजाचं बरंचसं तत्त्वज्ञान हाती लागतं. म्हणून आज आपण क्रॅन्ली हे एकच गाव घेऊ.

हे गाव इंग्लंडच्या दक्षिणेला, सरे परगण्यात आहे. गिल्डफर्ड शहरापासून आग्नेयेला साधारण आठ मैल. उत्तरेला सरेच्या झाडीनं भरलेल्या टेकड्या, दक्षिणेला ससेक्सची हद्द. २०११च्या जनगणनेत या पॅरिशची लोकसंख्या अकरा हजारांच्या वर होती. गावकरी अभिमानानं सांगतात, आमचं गाव म्हणजे इंग्लंडमधलं सर्वांत मोठं खेडं. गंमत अशी की हाच दावा यॉर्कशायरमधलं कॉटिंगहॅम करतं, ऑक्सफर्डजवळचं किडलिंग्टन करतं, ससेक्समधलं लॅन्सिंगही करतं. त्यातली काही क्रॅन्लीपेक्षा मोठीच आहेत. म्हणजे मोठेपणासाठी स्पर्धा आहे, पण ती खेडं राहून मोठं होण्याची! आपल्याकडे दहा हजार वस्ती झाली की गावाला नगरपंचायतीचे वेध लागतात. तिथे मात्र शहर न होण्याचा अभिमान. हे काय प्रकरण आहे?

ग्रीकांचं एक जुनं कोडं आहे. मिलेटसच्या युब्युलिडीझच्या नावावर ते सांगतात. धान्याचा एक दाणा म्हणजे रास नव्हे. दोन दाणे म्हणजेही रास नव्हे. मग एकेक दाणा वाढवत गेलो तर रास नेमकी कितव्या दाण्याला झाली? गावाचंही तसंच. शंभर घरांचं गाव, हजार घरांचंही गाव, मग कितव्या घराला ते शहर झालं? तत्त्वज्ञ या कोड्यावर दोन हजार वर्षं डोकं खाजवत बसले. इंग्रजी कायद्यानं ते फार सोप्या रीतीनं सोडवलं. १९७२च्या स्थानिक शासन कायद्यात अशी तरतूद आहे की पॅरिश कौन्सिलनं नुसता ठराव करावा, ‘आम्ही आता टाउन’, की ती टाउन कौन्सिल होते आणि अध्यक्षाला टाउन मेयर म्हणता येतं. लोकसंख्येची अट नाही. मात्र त्यामुळे अधिकारही वाढत नाहीत, नाव तेवढं बदलतं. क्रॅन्लीनं तो ठराव केलेला नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात उलट आहे. दहा ते पंचवीस हजारांच्या दरम्यानच्या संक्रमण अवस्थेतल्या वस्तीला नगरपंचायत करायचं की नाही, हे राज्य सरकार अधिसूचनेनं ठरवतं, आणि त्यानं कर बदलतात, योजना बदलतात. म्हणजे तिथे गावपण ही स्वतःविषयीची घोषणा आहे, इथे ती शासनानं केलेली वर्गवारी आहे. हा फरक मनात ठेवू, पुढे लागेल.

आता इतिहासाकडे वळू. इंग्रज गावांचा इतिहास सांगताना सगळे १०८६च्या डूम्सडे बुकापासून सुरुवात करतात. विल्यम राजानं करवसुलीसाठी करवून घेतलेली ती मोठी पाहणी. तिच्यात क्रॅन्लीचं नावच नाही. नाव प्रथम सापडतं ते बाराव्या शतकात, ११६६च्या सुमारास, राजाच्या जमाखर्चाच्या नोंदींत. नावाचा अर्थ साधारण ‘क्रौंच पक्ष्यांचं रान’ असा लावतात. जंगल तोडून मोकळी केलेली जागा, आणि तिथे उतरणारे ते लांब मानेचे पक्षी. गावच्या चौकात पिण्याच्या पाण्याचं एक कारंजं आहे, त्याच्या माथ्यावर आजही हा पक्षी बसवलेला आहे.

डूम्सडेमध्ये नाव नाही याचा अर्थ तिथे माणसं नव्हती असा नाही. हा भाग वील्ड नावाच्या जंगलपट्ट्यातला. जमीन चिकणमातीची. उत्तरेकडच्या जुन्या जहागिऱ्यांमधले लोक इथे गुरं, डुकरं चारायला आणत, आणि मग हळूहळू राहू लागत. म्हणून मध्य इंग्लंडसारखं मध्ये चर्च, भोवती दाटीनं घरं आणि बाहेर सामाईक शेतांचे लांब पट्टे, असं चित्र इथे दिसत नाही. विखुरलेली घरं, वाड्या, मध्ये झाडी. आपल्या कोकणातली वस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. संत निकोलसचं चर्च बाराव्या शतकात सुरू झालं, आज दिसतं ते मुख्यतः चौदाव्या शतकाच्या सुमाराचं. चर्च आलं आणि विखुरलेल्या वाड्यांना एकत्र जमायला एक जागा मिळाली.

या चर्चमध्ये दगडात कोरलेलं एक मांजराचं तोंड आहे. ते हसतंय असं वाटतं. लोक सांगतात, लुईस कॅरोलला ‘ॲलिस’मधलं हसरं मांजर इथेच सुचलं. ऐकायला गोड आहे. पण कॅरोलनं आपल्या बहिणींसाठी गिल्डफर्डला घर घेतलं १८६८ साली, आणि ‘ॲलिस’ छापून आली होती १८६५ साली. त्याआधी तो कधी इकडे फिरकलाच नसेल असं यावरून सिद्ध होत नाही, पण आख्यायिकेचा पाया ठिसूळ आहे एवढं दिसतं. स्थानिक इतिहास वाचताना आपण ही सवय ठेवावी. गावाचं प्रेम कमी करायचं नाही, पण तारखा मात्र ताडून बघायच्या.

त्या चिकणमातीनं या गावाचं नशीब कित्येक शतकं ठरवलं. पावसाळी दिवसांत रस्ते म्हणजे नुसता चिखल. शेजारच्या ससेक्समध्ये अठराव्या शतकात डॅनियल डीफोनं एका वृद्ध बाईंची गाडी चर्चला जाण्यासाठी सहा बैल ओढताना पाहिल्याचं लिहिलं आहे. घोड्यांना ते जमेना म्हणून. अशा मुलखात माल बाहेर जाणार कसा? मग १७९४ साली टोलचा रस्ता आला. त्याची खूण म्हणून उभारलेला दगडी स्तंभ हाय स्ट्रीटच्या टोकाला अजून आहे. १८१६ला वे आणि अरन या दोन नद्यांना जोडणारा कालवा खुला झाला. त्याला पाणी पुरवण्यासाठी क्रॅन्लीजवळ व्हेचरीचा तलाव वापरला. कल्पना अशी की लंडनपासून दक्षिण किनाऱ्यापर्यंत बोटी जातील. पण १८६५च्या ऑक्टोबरमध्ये गिल्डफर्ड–हॉर्शम आगगाडी सुरू झाली, आणि पुढच्या पाचसहा वर्षांत, १८७१ला, कालवा बंद पडला. एका सोयीनं दुसरी सोय मारली. त्याच सुमाराला गावाच्या नावाचं स्पेलिंगही बदललं. टपाल खात्याला क्रॅन्ली आणि क्रॉली ही दोन नावं हस्ताक्षरात सारखी दिसत, पत्रं चुकत. खात्यानं आग्रह धरला, गावानं नावातली शेवटची अक्षरं बदलून घेतली. जगाशी संबंध वाढला की आपलं नावसुद्धा जगाच्या सोयीनं लिहावं लागतं.

आता या व्याख्यानाचा गाभा. १८५९ साली या गावात एक छोटं रुग्णालय सुरू झालं. गावचे डॉक्टर अल्बर्ट नॅपर यांनी ते काढलं. चर्चचे रेक्टर जॉन हेन्री सॅप्ट यांनी त्यासाठी एक जुनी झोपडीवजा कॉटेज बिनभाड्यानं दिली. मोजक्या खाटा, देखभालीला एक परिचारिका. इंग्लंडमधलं हे पहिलं कॉटेज हॉस्पिटल मानलं जातं. याच्या आधी काय होतं ते लक्षात घेतल्याशिवाय या गोष्टीचं मोल कळणार नाही.

समजा त्या काळात शेतावर काम करणाऱ्या एखाद्या मजुराचा पाय गाडीखाली सापडला. मोठी रुग्णालयं शहरांत. गिल्डफर्डचं परगण्याचं रुग्णालयसुद्धा उघडलं ते १८६६ला. म्हणजे मोडलेला पाय घेऊन त्या रस्त्यांवरून कित्येक मैल हादरत जायचं. तिथे पोहोचलं तरी बहुतेक ठिकाणी वर्गणीदाराची शिफारसचिठ्ठी लागे. नाही तर घरीच पडायचं. आणि मजुराचं घर म्हणजे ओल, अंधार, एका खोलीत सगळं कुटुंब. तिसरा मार्ग होता वर्कहाऊसचा. १८३४च्या गरीब कायद्यानं प्रत्येक विभागात ही अनाथ-दरिद्री लोकांसाठीची घरं उभी केली होती. तिथे आजाऱ्यांसाठी खोली असे. पण त्या व्यवस्थेचं तत्त्वच असं की आतलं जिणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही नकोसं असलं पाहिजे, म्हणजे कुणी उगाच येणार नाही. आजारी माणसाला शिक्षा झाल्यासारखंच की ते!

नॅपरनी काढलेला मार्ग या तिन्हींपेक्षा वेगळा. रुग्णालय गावातच, घरासारख्या घरात. नातेवाईक चालत येऊन भेटू शकतील. आणि सर्वांत महत्त्वाचं, रोग्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे दर आठवड्याला थोडे पैसे द्यायचे. उरलेला खर्च वर्गणीतून. आपल्याला आज वाटेल, गरिबाकडून पैसे का घ्यायचे? पण विचार करा. जो थोडं तरी देतो तो भिकारी राहत नाही. वर्कहाऊसमध्ये जाणं म्हणजे गरीब म्हणून शिक्का बसणं; इथे आठवड्याचे पैसे मोजणं म्हणजे गावकरी म्हणून हिस्सा उचलणं. रक्कम किरकोळ, पण नातं बदलतं. इमॅन्युएल कांटनं दान करणाऱ्याला बजावलं होतं, की तुमच्या उपकारानं घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही याची काळजी घ्या. हे त्या गावच्या डॉक्टरनं वाचलं होतं की नाही, याला महत्त्व नाही. त्यानं ते व्यवहारात आणलं.

१८६४ साली नॅपरनी या प्रयोगावर एक पुस्तिका लिहिली. कल्पना झपाट्यानं पसरली. पुढच्या दशकांत यावर स्वतंत्र ग्रंथ निघाले आणि शतक संपायच्या आत इंग्लंडभर अशी रुग्णालयं शेकड्यांनी उभी राहिली. एका चिखलातल्या गावानं साऱ्या देशाला एक नमुना दिला.

पण आपण भाबडेपणानं बघायचं नाही. कॉटेज रेक्टरची. वर्गणी जमीनदारांची आणि सुखवस्तू घरांची. तेव्हा कुणाला दाखल करायचं, कोण ‘लायक’ गरीब आणि कोण आळशी, हे कोण ठरवणार? ज्याची वर्गणी, त्याचा शब्द. रोग्याचं मत कुणी विचारत नव्हतं. शाळांकडे बघितलं की हे आणखी स्पष्ट दिसतं. गावातल्या सामान्य मुलांसाठी १८४७ची एक शाळा होती. तिच्या इमारतीत आज कलाकेंद्र आहे. आणि १८६५ साली, आगगाडी आली त्याच वर्षी, सरे काउंटी स्कूल सुरू झालं. शेतकरी आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांसाठी, वसतिगृहासकट. तीच आजची नामांकित क्रॅन्ली स्कूल. हिच्या स्थापनेतही रेक्टर सॅप्ट होतेच, सोबत पार्लमेंटचे सभासद जॉर्ज क्युबिट. एकच गाव, एकच रेक्टर, दोन शाळा. आणि कुठल्या दारातून आत जायचं ते जन्मानं ठरलेलं. जन्मानं दार ठरणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

१८९४ साली यात एक बदल झाला. त्या वर्षीच्या कायद्यानं तीनशेहून जास्त वस्तीच्या ग्रामीण पॅरिशमध्ये निवडून आलेली पॅरिश कौन्सिलं आली. तोवर गावचा कारभार वेस्ट्री नावाची चर्चची सभा बघायची. आता मजूर मत देऊ लागला, उभा राहू लागला. स्त्रियांनाही मताचा आणि उभं राहण्याचा अधिकार मिळाला, विवाहित स्त्रियांसकट. पार्लमेंटच्या मतासाठी त्यांना १९१८पर्यंत थांबावं लागलं, गावात तो आधी आला.

इथे आपल्या इतिहासाचा धागा खरोखरच जुळतो. हेन्री मेन हे १८६२ ते १८६९ हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री होते. परत गेल्यावर त्यांनी ऑक्सफर्डला व्याख्यानं दिली, ती १८७१ला ‘पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची ग्रामसंस्था’ अशा अर्थाच्या नावानं प्रसिद्ध झाली. त्यांचं म्हणणं, युरोपात जी ग्रामसंस्था नाहीशी झाली ती हिंदुस्थानात जिवंत दिसते. त्यांच्या आधी चार्ल्स मेटकाफनं आपल्या गावांना छोटी प्रजासत्ताकं म्हटलं होतं. म्हणजे इंग्रज आपल्या गावात स्वतःचा हरवलेला भूतकाळ शोधत होते. १८८२ला लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. १९१५ला त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ आलं, त्यात बलुतेदारीच्या आतली कुरकुर स्वच्छ ऐकू येते. आणि ४ नोव्हेंबर १९४८ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत मेटकाफचा नामोल्लेख करून त्या प्रजासत्ताकांच्या कौतुकावर कठोर टीका केली. खेडं म्हणजे संकुचितपणा आणि जातीयता यांचं घर, असा त्यांचा आशय. राज्यघटनेनं घटक मानला तो गावाला नव्हे, व्यक्तीला, याचा त्यांना आनंद होता.

मग आंबेडकरांची कसोटी क्रॅन्लीला लावली तर काय दिसतं? त्याच वर्षी, ५ जुलै १९४८ला, ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. देणगीवर चालणारी हजाराहून अधिक रुग्णालयं सरकारनं ताब्यात घेतली, त्यांत ही कॉटेज हॉस्पिटलंही आली. उपचार मोफत, शिफारस नको, ऐपतीची चौकशी नको. रोगी आता रेक्टरच्या गावचा रहिवासी म्हणून नव्हे, देशाचा नागरिक म्हणून दारात उभा राहिला. जे दान होतं, मग वर्गणी झालं, ते हक्क झालं. ही प्रगतीच आहे, यात शंका नको.

पण प्रत्येक पायरीवर काही मिळतं तसं काही सुटतंही. सोय हक्काची झाली की तिची व्यवस्था दूर जाते. १९६३ला रेल्वेच्या फेररचनेसाठी डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. तोट्यातल्या मार्गांची यादी झाली आणि जून १९६५मध्ये क्रॅन्लीची गाडी बंद पडली. शंभर वर्षं पूर्ण व्हायला चार महिने कमी. पुढे गाव वाढत राहिलं, गाडी मात्र परत आली नाही. आज एवढ्या मोठ्या गावातून गिल्डफर्डला जायचं तर बस किंवा स्वतःची मोटार. मोटार नसलेला म्हातारा माणूस १८६५पूर्वीच्या अंतरांकडे थोडासा परत गेला. त्या रुळांच्या जागी १९८४ला ‘डाउन्स लिंक’ ही पायवाट खुली झाली. सदतीस मैल, थेट समुद्रकिनाऱ्याजवळच्या शोरहॅमपर्यंत. लोक तिथे चालतात, सायकली आणि घोडे फिरवतात. सुंदर आहे. पण फिरायची वाट आणि पोहोचायची वाट यांत फरक असतो.

रुग्णालयाचंही तेच. २००६ साली तिथल्या भरतीच्या खाटा बंद झाल्या. जिथे कॉटेज हॉस्पिटल जन्मलं, तिथेच रात्रभर ठेवून घेण्याची सोय उरली नाही. निर्णय घेणाऱ्यांकडे कारणंही होती. आजचं वैद्यक यंत्रांवर, तज्ज्ञांवर चालतं, ते दहावीस खाटांत बसत नाही. ते म्हणणं खोटं नाही. तरी म्हातारपणी बरं व्हायला लागणारे आठ दिवस घराजवळ काढावेत, ही गरज १८५९ला होती आणि आजही आहे.

मग या गावात आज आहे काय? हाय स्ट्रीट आहे, दुतर्फा मेपलची झाडं. पहिल्या महायुद्धात जवळ तळ पडलेल्या कॅनडाच्या सैनिकांनी ती लावली. ज्यांनी लावली त्यांतले किती जण परत घरी गेले असतील, कोण जाणे. शरद ऋतूत ती लाल होतात तेव्हा कॅनडाची आठवण आपोआप होते. दुकानं आहेत, ग्रंथालय आहे, कलाकेंद्र आहे, पोहण्याचा तलाव आहे. आणि गावाच्या मधोमध कॉमन आहे, म्हणजे आपल्या गायरानासारखी सामाईक जमीन. तिच्यावर उन्हाळ्यात क्रिकेट चालतं. लंडनपासून तासादीड तासाच्या अंतरावर जमिनीची किंमत काय असेल विचार करा, तरी ती मोकळी आहे. आपल्याकडच्या गायरानांचं काय झालं ते आपण जाणतोच, त्यावर वेगळं बोलायला नको.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. गाव कितव्या घराला शहर होतं? आपण पाहिलं त्यावरून एवढं म्हणता येईल की दाणे मोजून हे कळणार नाही. सोयी तीन वाटांनी येतात: दानानं, वर्गणीनं आणि हक्कानं. दानात माया असते पण मान जातो. हक्कात मान असतो पण निर्णय लांब कुठे तरी होतो. मधली वर्गणीची वाट, म्हणजे प्रत्येकानं ऐपतीप्रमाणे द्यावं आणि प्रत्येकानं विचारावं, ही सर्वांत नाजूक. ती जिथे चालते तिथे गाव आहे असं आम्हाला वाटतं, मग वस्ती पाचशे असो की अकरा हजार. मात्र ‘प्रत्येकानं विचारावं’ या अटीत सूट नाही. ज्या गावात काहींनी नुसतं द्यायचं आणि काहींनी नुसतं घ्यायचं, किंवा काहींनी वेशीबाहेरच राहायचं, त्याला मेटकाफ प्रजासत्ताक म्हणोत, आपण म्हणू नये.

तेव्हा आपल्या गावातला दवाखाना, शाळा, एसटीचा थांबा यांच्याकडे बघताना चारच प्रश्न विचारू. हे कुणी काढलं? कुणासाठी काढलं? खर्च कोण करतं? आणि उद्या हे बंद करायचं ठरलं तर आपल्याला विचारणार कोण? पहिल्या तिन्हींची उत्तरं क्रॅन्लीकडे दीडशे वर्षांपासून आहेत. चौथ्याचं उत्तर त्यांनाही अजून शोधावं लागतंय, आणि आपल्यालाही.